क्षर आणि अक्षर

अक्षर म्हणजे जें क्षरत नाहीं तें, ही व्युत्पत्ति आम्हीं ३८ वर्षें वर्गांत सांगितली. मुलें ती वहींत उतरून घेत, परीक्षेंत तशीच परत करीत, आणि आम्ही त्यांस पुरे गुण देत असूं. सेवानिवृत्तीनंतर सातव्या वर्षीं, ज्येष्ठांतल्या एका संध्याकाळीं, १८२ पृष्ठांचा मजकूर आमच्याच हातून नाहींसा झाला, तेव्हां त्या व्युत्पत्तीविषयीं आम्हांस प्रथम शंका आली. पुढें त्यांतील बराचसा परत मिळाला. परंतु आमच्या हातून हरवलेल्या मजकुराबरोबर, जें आम्हीं जाणूनबुजून टाकून दिलें होतें तेंही परत आलें. ती हकीकत सांगण्यासाठींच हा लेख आहे.

आमच्या घराण्याचा कुलवृत्तान्त फार पूर्वीं छापून झालेला आहे. त्यांत पुरुषांचीं नांवें, जन्मशक, नोकऱ्या, घरें, वाटण्या, सर्व कांहीं आहे. बायकांविषयीं मात्र 'माहेरच्या अमुक' यापलीकडे एक अक्षर नाहीं. ही उणीव आमच्या मनांत पुष्कळ दिवस सलत होती. घरांत वयानें सर्वांत वडील अशा आमच्या थोरल्या वहिनी तेव्हां हयात होत्या. आमचें घर वाईस, कृष्णाकांठीं. त्या घरांत वहिनी १९५५ सालीं सतराव्या वर्षीं लग्न होऊन आल्या, आणि आजेसासूबाईंपासून पणतूपर्यंत सहा पिढ्या त्यांनीं डोळ्यांनीं पाहिल्या. घरांतील बायकांचा वृत्तान्त त्यांच्या तोंडून लिहून घ्यावा, असें आम्हीं २०२२ च्या दिवाळींत ठरविलें. दुपारीं जेवणें आटोपल्यावर वहिनी माजघरांत भिंतीशीं टेकून बसत व बोलत. आम्ही शेजारीं पुतण्याच्या संगणकावर वर्डमध्यें उतरवीत असूं. टंकलेखन आम्ही साठीनंतर शिकलों, तेव्हां गति बेताचीच. पण वहिनींचें बोलणेंही संथ असे, त्यामुळें दोघांचें जमून गेलें.

आम्ही त्यांचे सर्वांत धाकटे दीर. थोरल्या दादांत आणि आमच्यांत २६ वर्षांचें अंतर. आम्ही १९५९ च्या माघांत जन्मलों तेव्हां आईचें वय ४३ होतें, आणि त्या बाळंतपणानें ती जी अंथरुणाला खिळली ती वर्षभर उठली नाहीं. आम्हांस न्हाऊंमाखूं घातलें, पाजलें, पहिलें पाऊल टाकावयास शिकविलें तें वहिनींनीं. असें असूनही त्यांनीं आम्हांस अखेरपर्यंत कधीं एकेरी हांक मारिली नाहीं; आम्ही पाळण्यांत होतों तेव्हांपासून 'भावोजी'च म्हणत. असो.

वर्षभरांत मजकूर पुरा झाला. कार्तिकांत आम्हीं त्यावरून एकवार हात फिरविला, भाषा नीटनेटकी केली, पुनरुक्ति काढिली. मार्गशीर्षांत सबंध मजकूर वहिनींस वाचून दाखविला. पौषांत, वयाच्या ८६ व्या वर्षीं, त्या गेल्या. पुढचें वर्षश्राद्ध होण्यापूर्वीं पुस्तक छापून घराघरांत वांटावें असें ठरलें, आणि आम्ही शेवटचीं शुद्धाशुद्धें पाहूं लागलों.

पुतण्याच्या संगणकावर त्याच्या कामांत आपली अडगळ नको, म्हणून आम्ही मजकूर पेनड्राइव्हवरच ठेवीत असूं, आणि तीच एकुलती एक प्रत होती. पुतण्याची मुलगी पुण्यास संगणकाची अभियांत्रिकी शिकते. "काकाआजोबा, आणखी एक प्रत ठेवा हो," असें ती दोनदां सांगून गेली होती. आम्हीं 'ठेवूं, ठेवूं' म्हणून वेळ मारून नेली. त्या संध्याकाळीं देवघरांत सूनबाईंनीं आरतीची घंटा वाजविली. आम्हीं मजकूर सेव्ह केला, वर्ड बंद केलें, आणि पेनड्राइव्हवरचा लहानसा दिवा लुकलुकत असतांनाच तो उपटून सदऱ्याच्या खिशांत टाकिला. संगणकानें सेव्ह झालें म्हटलें म्हणजे अक्षरें त्या तुकड्यावर पोंचलींच असें नसतें. तीं कधीं कधीं कांहीं क्षण संगणकाच्या स्मृतींत थांबतात व मग सवडीनें उतरतात, हें ज्ञान आम्हांस पुढें झालें. दोष सर्वस्वी आमचा आहे.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं फाइल उघडावयास गेलों तों ती सदोष असल्यामुळें उघडतां येत नाहीं, असा निरोप पडद्यावर आला. आम्हीं चष्मा पुसून तो पुनः वाचला. फाइलीचें नांव तेंच, वजन जवळजवळ तितकेंच. पण आंत जाण्यास वाट नाहीं! कुलूपबंद घराची किल्ली विहिरींत पडावी तसें झालें.

मग जे उपाय सुचले ते केले. वर्डमध्यें 'ओपन अँड रिपेअर' म्हणून एक सोय आहे. तिनें कांहीं झालें नाहीं. 'रिकव्हर टेक्स्ट फ्रॉम एनी फाइल' म्हणून दुसरी एक सोय आहे. ती मांडणी, अक्षरांची ठेवण वगैरे सर्व सोडून देते व फाइलींत जेवढा साधा मजकूर दिसेल तेवढा उपसून काढते. जुन्या, डॉक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फाइलींस हा उपाय पुष्कळदां लागू पडे, कारण त्यांत मजकूर बराचसा उघडा असे. आमची फाइल पडली २००७ नंतरच्या नव्या पद्धतीची, डॉकएक्स. तींतून निरर्थक चिन्हांच्या ओळी तेवढ्या निघाल्या. राहतां राहिली वर्डची स्वतःची राखण. न सांगतां ठेवलेल्या रचनेंत वर्ड दर १० मिनिटांनीं मजकुराची एक तात्पुरती प्रत बाजूस ठेवीत असतें, म्हणजे मध्येंच वीज गेली तर ती उपयोगीं पडावी. परंतु मजकूर सेव्ह करून वर्ड रीतसर बंद केलें कीं ती प्रत तें स्वतःच काढून टाकतें. आम्हीं तर सर्व कांहीं रीतसर बंद केलें होतें! शिस्तीचें असें फळ मिळाल्याचें आमच्या आयुष्यांतलें हें पहिलेंच उदाहरण.

त्या दिवशीं आम्हांस जेवण गेलें नाहीं. पुस्तक गेलें याचें दुःख होतेंच. पण पुस्तक पुनः लिहितां येतें. येथें सांगणारें माणूसच राहिलें नव्हतें. वहिनींचा आवाज आम्हीं कधीं भरून ठेविला नाहीं, हातानें टांचण केलें नाहीं. त्या १८२ पृष्ठांखेरीज त्या बोलण्याला जगांत दुसरी जागा नव्हती.

नात शनिवारीं आली. तिनें आल्याबरोबर पहिली गोष्ट विचारली ती ही कीं, "काकाआजोबा, त्या दिवसानंतर या पेनड्राइव्हवर कांहीं नवीन ठेवलंत का?" आम्हीं 'नाहीं' म्हटल्यावर तिनें सुटकेचा श्वास टाकिला. मग त्या तुकड्याची अथपासून इतिपर्यंत जशीच्या तशी एक प्रतिमा तिनें आपल्या संगणकावर उतरून घेतली, मूळ तुकडा कागदांत गुंडाळून आमच्या हातीं दिला, आणि म्हणाली, "आतां जे काय प्रयोग करायचे ते प्रतिमेवर." खंडित पोथी हाताळणारा शास्त्रीही हेंच करील. आम्हांस ती रीत फार आवडली.

पुढें तिनें जें समजावून सांगितलें तें आमच्या शब्दांत वाचकांस सांगतों. डॉकएक्स फाइल ही दिसावयास एक असली तरी वस्तुतः ती झिप नांवाच्या पद्धतीनें घट्ट बांधलेलें गांठोडें आहे. त्यांत अनेक लहान फाइली असतात. अक्षरांच्या ठेवणीची एक, चित्रांच्या निराळ्या, आणि मुख्य मजकुराची एक. ही बांधणी फिल कॅट्झ नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें १९८९ सालीं प्रसिद्ध केली, आणि गांठोड्यांतील प्रत्येक चिरगुटाच्या आरंभीं अद्यापही त्याच्या नांवाचीं आद्याक्षरें, पी आणि के, असतात. या गांठोड्याची अनुक्रमणिका मात्र पोथीसारखी आरंभीं नसून शेवटीं असते. आमच्या फाइलीचें शेंपूट तुटलें होतें. तेथें नुसतीं शून्यें भरलेलीं होतीं. अनुक्रमणिका नाहीं, म्हणून वर्डनें 'फाइल उघडत नाहीं' म्हटलें. परंतु अनुक्रमणिका गेली म्हणजे ग्रंथ गेला असें थोडेंच आहे! प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावरचीं तीं दोन अक्षरें शोधीत गेल्यास तुकडे हातीं लागतात, आणि त्यांवरून नवी अनुक्रमणिका रचतां येते.

आणखी एक गोष्ट तिनें सांगितली. प्रत्येक तुकड्याबरोबर त्याच्या सर्व अक्षरांवरून काढलेला एक पडताळ्याचा अंक बांधलेला असतो. तुकडा सोडल्यावर तोच हिशेब पुनः करावयाचा. अंक जुळला तर अक्षरन् अक्षर शाबूत, न जुळला तर कोठें तरी बिघाड आहे. हें ऐकून आम्हांस पाठशाळेंतील दिवस आठवले. वैदिकांनीं संहितेबरोबर पदपाठ ठेविला, आणि क्रम, जटा, घन अशा पाठांनीं तींच पदें मागेंपुढें उलटसुलट करून म्हटलीं, तें याचसाठीं. एका पदांत चूक झाली तर ती दुसऱ्या पाठांत उघडी पडे. आम्हीं हें सांगितल्यावर नात म्हणाली, "म्हणजे हें तुमच्याकडे आधींच होतं म्हणायचं." आम्हीं म्हटलें, "युक्ति एक आहे एवढेंच. हें यंत्र आमच्याकडे नव्हतें."

मजकुराचा मुख्य तुकडा तिनें बाहेर काढिला. तो अर्ध्यावर तुटलेला होता. घट्ट बांधलेला मजकूर आरंभापासून क्रमानेंच सोडवीत जावें लागतें. धागा जेथें तुटला तेथपर्यंत तो सुटतो, पुढचा सुटत नाहीं. तरी पहिलीं १२१ पृष्ठें निघालीं. निघालीं, पण पडद्यावर पाहतों तों मराठीचा मागमूस नाहीं. परदेशी, डोक्यावर टिंबें-टोप्या घातलेल्या अक्षरांची नुसती दाटी. आमच्या पोटांत पुनः गोळा आला. नात हंसली. युनिकोडच्या हल्लीं सर्वत्र चालणाऱ्या यूटीएफ-८ या लेखनपद्धतींत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन घरें लागतात. वाचणाऱ्या प्रोग्रामास हें सांगितलें नाहीं तर तो तीं तीन घरें तीन स्वतंत्र अक्षरें समजून वाचतो. तिनें तेवढी सूचना केली, आणि क्षणांत त्या दाटींतून 'माजघर', 'वेणीफणी', 'चैत्रगौर' असे शब्द उभे राहिले. दोन शब्दांच्या मध्यें कोनांच्या आकाराचे कंस आणि यंत्रासाठीं लिहिलेल्या खुणा होत्या. त्या तिनें चाळून काढिल्या. वहिनींचें बोलणें पुनः वाहूं लागलें. सूनबाई दारांत उभ्या होत्या, त्यांनीं पदर डोळ्यांस लाविला.

उरलीं ६१ पृष्ठें. त्यांचा शोध तिनें निराळ्या वाटेनें केला. ती म्हणाली, "काकाआजोबा, वर्ड जुन्या पानावर खाडाखोड करून लिहीत नाहीं. दर वेळीं सेव्ह करतांना बहुधा नवी प्रत लिहितं, आणि जुनी काढून टाकतं. आणि काढून टाकतं म्हणजे पुसत नाहीं." हें आम्हांस नवीन होतें. पेनड्राइव्हवरची फाइल काढली म्हणजे यादींतील तिच्या नांवाचें पहिलें अक्षर बदलून खूण करितात, आणि ती जागा मोकळी झाली अशी नोंद करितात. अक्षरें होतीं तेथेंच असतात; त्या जागेवर दुसरें कांहीं लिहिलें जाईपर्यंत तीं तशींच पडून राहतात. म्हणूनच तिनें प्रथम तो प्रश्न विचारला होता, आणि म्हणूनच वांचविलेला मजकूर त्याच तुकड्यावर ठेवावयाचा नसतो.

अशा टाकलेल्या प्रती शोधून काढणारा फोटोरेक नांवाचा एक प्रोग्राम आहे. तो फुकट मिळतो. नांवाप्रमाणें मूळ छायाचित्रांसाठीं केलेला, पण लेखही शोधतो. तो यादीकडे पाहतच नाहीं. तुकड्याचें एकेक घर चांचपीत ओळखीच्या खुणा शोधतो. त्यामुळें सांपडलेल्या फाइलींस नांवें नसतात, नुसते क्रमांक असतात. आमच्या तुकड्यावर अशा २३ प्रती निघाल्या. कांहीं अर्ध्या, कांहीं फुटक्या. एक मात्र सबंध होती. आश्विनांतली, १५० पृष्ठांची. ती जुळवून आम्हांस १२१ च्या पुढचीं २९ पृष्ठें मिळालीं. फुटक्या प्रतींतून आणखी १३ निघालीं. बाकीचीं १९ गेलीं तीं गेलींच. त्यांत भोंडल्याच्या आठवणी होत्या, आणि हळदीकुंकवास येणाऱ्या जुन्या बायकांचीं माहेरचीं नांवें होतीं. आतां तीं नांवें सांगणारें वाईंत कोणी नाहीं.

प्रती हातीं आल्यावर ताडून पाहणें आलें, आणि तें काम आमचें. निवडक पानें आम्हीं छापून घेतलीं. तुटकी नवी ती 'अ' प्रत, आश्विनांतली ती 'आ' प्रत. नात 'आ' मोठ्यानें वाची, आम्ही 'अ' वर बोट ठेवून पाठभेद टिपीत असूं. रविवारीं दुपारीं ६४ व्या पृष्ठाशीं आलों. नात वाचीत होती, आणि आमचें बोट थांबलें. ती वाचीत होती तें आमच्या हातांतील प्रतींत नव्हतें. तो परिच्छेद असा:

"त्या वर्षीं मीं मॅट्रिकचा फॉर्म भरला होता, बाहेरून. तुमच्या दादांनींच फी भरली. इंग्रजी आणि गणित रात्रीं सगळे निजल्यावर करायची. माघांत तुम्ही झालांत. सासूबाई उठूं शकत नव्हत्या, दूध बोंडल्यानं पाजायचं. मार्चांत परीक्षा. मीच म्हटलं, आतां राहूं दे. कोणी अडवलं नाहीं हो मला. पण पुढच्या वर्षीं बस, असंही कोणी म्हटलं नाहीं. पहिल्या पेपराच्या दिवशीं अकराच्या सुमाराला तुम्ही दूध पिऊन माझ्या मांडीवर झोंपलांत. मीं घड्याळाकडे बघितलं. म्हटलं, आतां पेपर वाटले असतील."

नात वाचतां वाचतां हळू झाली होती. ती ज्यांच्याविषयीं वाचीत होती त्या तिच्या सख्ख्या आजी. तिला ही गोष्ट कोणी सांगितली नव्हती. आमच्या पुतण्यालाही ठाऊक नव्हती. कांहीं वेळानें तिनें विचारलें, "काकाआजोबा, हें नव्या प्रतींत कां नाहीं?"

आम्हीं म्हटलें, "मजकुराची लांबी फार वाढत होती."

तिनें कागदावर बोट ठेवून ओळी मोजल्या. "नऊ," एवढेंच म्हणाली, आणि पुढचें पान वाचावयास घेतलें.

वाचकहो, येथें खरें तें सांगितलें पाहिजे. त्या नऊ ओळी कार्तिकांत हात फिरवितांना आम्हीं काढिल्या. त्या वेळीं आम्हीं आपल्या मनाशीं सुंदर कारणें दिलीं होतीं. वृत्तान्तांत खासगी रडगाणें नसावें. गेलेल्या वडील माणसांस बोल लागूं नये. वहिनींनाच पुढें संकोच वाटेल. सर्व कारणें सभ्य होतीं आणि एकही खरें नव्हतें. वहिनींच्या सांगण्यांत रडगाणें नव्हतें, कोणास बोलही नव्हता. आम्ही १९७५ सालीं मॅट्रिक झालों. त्या एका प्रमाणपत्रावर शिक्षक झालों, जन्मभर 'गुरुजी' म्हणवून घेतलें. मुलींच्या शिक्षणावर स्नेहसंमेलनांत भाषणें केलीं. आणि घरांतली एक बुद्धिमान मुलगी, आम्हांस मांडीवर घेण्यासाठीं, परीक्षेच्या दारांतून परत फिरली, हें ६४ वर्षें आम्हांस ठाऊक नव्हतें. ठाऊक झालें तेव्हां आम्हीं तें पुसून टाकिलें. आमच्या प्रमाणपत्राची किंमत छापलेली आम्हांस पाहवेना, हें त्याचें कारण.

याहून अवघड गोष्ट पुढें आहे. मार्गशीर्षांत आम्हीं वहिनींस सबंध मजकूर वाचून दाखविला, हें वर सांगितलेंच आहे. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. आमच्या जन्माचा मजकूर आला, आम्हीं वाचला, आणि पुढच्या परिच्छेदाकडे वळलों. वहिनींनीं डोळे उघडले व म्हणाल्या, "एवढंच?" आम्हीं ऐकूं न आल्यासारखें केलें आणि वाचीत राहिलों. त्यांनीं पुनः विचारलें नाहीं. महिन्याभरानें त्या गेल्या. त्या एका शब्दाचें उत्तर आम्हीं देणें होतें, तें राहिलें.

पुण्यास भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत महाभारताची चिकित्सित आवृत्ति सिद्ध झाली, ती आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. डॉ. विष्णु सीताराम सुखटणकरांनीं १९२५ सालीं तिचें संपादन अंगावर घेतलें, ते १९४३ सालीं वारले, आणि तें काम १९६६ सालीं पुरें झालें. निरनिराळ्या लिपींतील पोथ्या ताडून, मूळ संहितेंत जे श्लोक नसावेत असें दिसलें ते संपादकांनीं बाजूस काढिले. पण बाजूस काढिले म्हणजे फेंकून दिले नाहींत. ते पानाच्या तळाशीं व परिशिष्टांत छापून ठेविले, म्हणजे वाचणाऱ्यानें स्वतः पाहून आपलें मत करावें. जे ओळखीचे नाहींत, ज्यांचा कर्ता कोण हेंही कळत नाहीं, अशा श्लोकांस त्या विद्वानांनीं तळाशीं तरी जागा दिली. ज्यांच्या मांडीवर आम्ही वाढलों त्यांच्या नऊ ओळींस आम्हीं तेवढीही दिली नाहीं. आणि पदवी मात्र संपादकाची घेतली!

त्या रात्रीं आम्हीं नातीस हांक मारून हें सर्व सांगितलें, 'एवढंच?' हा शब्दही सांगितला. ती रागावेल असें वाटलें होतें. ती म्हणाली, "आतां आजीला नाहीं सांगतां येणार. पण पुस्तकांत घालतां येईल." आणि तिनें संगणक आमच्यापुढें सरकविला. ती स्वतः टंकील अशी आमची अपेक्षा होती. पण तिनें तें आमच्याकडून करविलें. आम्हीं 'आ' प्रत समोर ठेवून त्या नऊ ओळी एकेक अक्षर पाहून उतरविल्या. एकही शब्द सुधारला नाहीं.

पुस्तक मार्गशीर्षांत छापून आलें. ६४ व्या पृष्ठावर तो परिच्छेद जागच्या जागीं आहे, परिशिष्टांत नाहीं. खालीं एक टीप आहे: हा मजकूर लेखनिकानें एकदां गाळला होता, दैवयोगानें परत मिळाला. लेखनिक कोण हेंही तेथें लिहिलें आहे. गेलेल्या १९ पृष्ठांच्या जागीं एक कोरें पान ठेविलें आहे. कोणास कांहीं आठवलें तर तें लिहावें. वर्षश्राद्धाच्या दिवशीं दुपारीं सर्व मंडळी माजघरांत बसलीं असतां नातीनें तें पृष्ठ वाचलें. पुतण्या उठून परसांत गेला व बऱ्याच वेळानें आला. कोणी आम्हांस कांहीं बोललें नाहीं. बोलले असते तर बरें वाटलें असतें.

आतां ज्या घरांतून वडील माणसें अशा आठवणी सांगत आहेत व कोणी तरी त्या उतरून घेत आहे, त्यांच्यासाठीं अनुभवाच्या चार गोष्टी. मजकुराच्या तीन प्रती असाव्यात. एक घरांत, एक परगांवीं विश्वासाच्या माणसाकडे, आणि एक कागदावर. फाइल बिघडली तर तिच्यावर प्रयोग करूं नयेत. तिची नक्कल करून नकलेवर करावेत, आणि त्या तुकड्यावर नवें कांहीं ठेवूं नये. गेलेलें वाटतें तें पुष्कळदां गेलेलें नसतें, त्याची वाट तेवढी बुजलेली असते; तेव्हां पहिल्या दिवशींच रडूं नये. आणि चौथी गोष्ट संगणकाची नाहीं. सांगणारानें सांगितलें असेल तें, आपल्यास टोंचलें तरी, त्याच्या हयातींत त्यास वाचून दाखवावें. आणि त्यानें 'एवढंच?' म्हटलें तर थांबावें.

आमच्या घरीं तिन्हीसांजेस आरतीची घंटा पूर्वींसारखीच वाजते. आम्ही मजकूर सेव्ह करितों, आणि तो लहानसा दिवा विझेपर्यंत हात मांडीवर ठेवून बसून राहतों. सूनबाई आरतीसाठीं थांबतात.